अक्काचं वजन

गरम तुपाचा वास आला की अजून मला मळमळतं. युसूफ वडगाव ह्या गावात आमचं किराण्याचं दुकान, तूप घरात कधी कमी पडलं न्हाई. त्याच तुपात शिरा-पोळ्या भिजवून मी थोरल्या जावेला, अक्काला, वर्षभर चारलं. शी! लिहितानाही किळस येती, आणि ती तुपाची न्हाई, माझीच.

अक्काच्या छातीतली गाठ लातूरला काढली. अक्का आधीपासून अंगानं भारी. गावात त्याला कुणी आजार म्हणत न्हाई, खात्यापित्या घरची म्हणतात. डॉक्टरनं अक्का, मी आणि आत्याबाई, म्हणजे आमची सासू, अशा तिघींना बसवून सांगितलं, "पाळी गेल्यावर अंगातली चरबीच हार्मोन तयार करते, आणि ह्यांची गाठ त्याच हार्मोनवर वाढणारी होती. गोळ्या चालू ठेवा, पण वजनही हळूहळू उतरवा. रोज चाला. तूप-साखर कमी."

एसटीत बसल्याबसल्या आत्याबाई म्हणाल्या, "पोरीचं लगीन ठरलंय. ही वाळली तर पाहुणे वळखतील. आईला कॅन्सर हाय म्हणल्यावर कोण करतं सोयरीक? एवढं लगीन होऊ दे, मग चाल म्हणावं हिला किती चालायचं ते."

मग काय! सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळी, मधी डिंकाचे लाडू. अक्का म्हणायची, "नगं गं, गळ्याशी आलंय." मी म्हणायची, "खा अक्का, पोरीसाठी." पोरीचं नाव काढलं की ती गुमान तोंड उघडायची. पहाटे चालायला निघाली तर आत्याबाई दाराला कडी लावायच्या, लोक विचारतील ही कशापायी हिंडती म्हणून. आणि मी गप. सासूपुढं बोलायची टाप नव्हती म्हणावं, तर तेही खोटं. उद्या सोयरीक मोडली तर खापर माझ्या माथी फुटेल, एवढंच भ्याव होतं.

लगीन झालं. मांडवात पाहुण्यांच्या बाया म्हणाल्या, "विहीणबाईंची तब्येत लई झकास हाय!" आत्याबाईंचा चेहरा काय फुलला! मला तिथंच थुंकावं वाटलं.

चार महिन्यांनी कंबर दुखती म्हणून अक्काला नेलं. आजार हाडात उतरला होता. मी डॉक्टरला बाजूला गाठून विचारलं, वजनामुळं का? ते म्हणाले, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. वजन उतरलं असतं तर कदाचित मदत झाली असती." त्या 'कदाचित'ला आमचं सगळं घर चिकटून बसलंय. आत्याबाई तर नशीब म्हणून मोकळ्या झाल्या.

परवा पोरगी माहेरी आली. आईच्या उशाशी बसून तिनं मला विचारलं, "काकू, डॉक्टरनं आईला खाण्याचं काही पथ्य सांगितलं होतं का?"

मी अक्काचं पांघरूण सारखं करू लागले. अक्काच बोलली, "न्हाई गं बाई, पथ्यबिथ्य काय नव्हतं. काकूनं लई जीव लावला मला, हातानं भरवलं."

पोरगी उठली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले न्हाईत.