हात न लावता

दुधाची पिशवी धुऊन घेणाऱ्या बायका पुष्कळ असतात. वेणूआत्या दुधाची पिशवी धूत, ती अडकवायचा खिळा धूत, खिळ्याखालची भिंत धूत आणि मग दूधवाला जिथे उभा राहिला असावा ती अंदाजाची जागाही धूत. अंदाज चुकायला नको म्हणून थोडी जास्तच.

वेणूआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या बैठ्या घरात माझ्या लग्नाच्या आधीपासून त्याच होत्या. हैदराबादच्या मराठी शाळेत त्यांनी तीस वर्षं शास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. त्यांना पसंत पडेल इतका धुतलेला नवरा मिळाला नसावा, असं माझं मत आहे.

हे सोवळं नव्हे, असं त्या ठासून सांगत. “मी जात मानत नाही, शैला. मी जंतू मानते.” आत्यांच्या जंतूंना मात्र माणसं बरोबर ओळखता येत. आमचे डॉक्टर दवाखान्यातून थेट बैठकीत येत, तेही चपलांसकट. त्यांच्याबरोबर एकही जंतू येत नसे. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याबरोबर लाखांनी येत. यादम्माबरोबर किती येत, त्याची तर गणतीच नव्हती.

यादम्मा आमच्याकडे बारा वर्षं भांडी घासत होती. परसातल्या नळावर भांडी घासून ती दगडी कट्ट्यावर पालथी घाली. मग आत्या बादली उचलून त्यांच्यावर वरून पाणी ओतत आणि भांडी आत नेत. ओतण्याआधी यादम्माला सांगत, “लांब उभी राहा, शिंतोडे उडतील.” रोज सांगत. जणू काळजी यादम्माच्या लुगड्याची होती. आत्या तिच्याशी मराठीत बोलत आणि ती दखनी हिंदीत उत्तर देई. पण या वाक्याला तिनं कधीच उत्तर दिलं नाही. मीही काही बोलले नाही. मला साडेनऊला विम्याच्या कचेरीत पोचायचं असे. मला भांडी घासलेली हवी होती. समाज नंतर सुधारला असता तरी चाललं असतं.

पुढे आत्यांचे गुडघे गेले आणि बादली उचलवेना. नेमके देशाचा बाजार परदेशी मालाला उघडल्याचे ते दिवस. नुमाइशमध्ये, म्हणजे आमच्या दरवर्षीच्या प्रदर्शनात, कालपर्यंत लोणची आणि लखनवी कुडते विकले जात, तिथे परदेशी यंत्रं मांडलेली. एका गाळ्यात टाय लावलेला विक्रेता काळ्याकुट्ट शहाबादी फरशीवर पाण्याची बंदूक मारून पांढऱ्या रेघा ओढत होता. आत्या थांबल्या. तो म्हणाला, “हाथ लगाने की ज़रूरतच नै, अम्मा.” सराफाच्या दुकानात इतर बायकांचा होतो तसा आत्यांचा चेहरा झाला.

यंत्र शिवणयंत्राएवढं होतं, पिवळंधमक. एका बाजूनं नळाची नळी लावायची, दुसऱ्या बाजूच्या नळीला बंदूक. चाप ओढला की पाणी असं सुटे, की बैठकीतला दिवा मान टाकी. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं, हौद भरून ठेवावा लागायचा. पण ही अडचण आत्यांच्या शास्त्रात बसत नव्हती. पहिल्या आठवड्यात त्यांनी पायऱ्या धुतल्या, फाटक धुतलं आणि फाटकावरच्या पाटीवरून माझ्या सासऱ्यांचं नावही धुऊन काढलं. भेंड्या चाळणीत घेऊन धुतल्या, त्या शेजाऱ्यांच्या अंगणात मिळाल्या. दुधाच्या पिशवीवर बंदूक धरली तेव्हा चहा दोन दिवस कोराच प्यावा लागला. “दाब जास्त झाला,” आत्या शांतपणे म्हणाल्या. प्रयोग फसला की त्या शाळेतही असंच म्हणत असाव्यात.

बंदूक मागे झटका देई. आत्यांचं मनगट सुजलं. आता यंत्र माळ्यावर जाणार, म्हणून मी मनात खूश होत होते, तोच यादम्मानं बंदूक हातात घेतली. एका दमात कट्ट्यावरची सगळी भांडी लख्ख केली, एकही न पाडता. आता प्रश्न आला. भांडी धुवायची ती यादम्माचा हात लागला म्हणून, आणि धुणार कोण, तर यादम्मा. मला वाटलं, बारा वर्षांचं शास्त्र इथेच बुडालं. पण आत्यांनी क्षणभरच विचार केला. “हात बंदुकीला लागतो. पाण्याला लागतो का? नाही ना? मग झालं.”

पुढचे आठ महिने आमच्या परसात हा कार्यक्रम रोज चाले. यादम्मा भांडी घासे, उठे, चार हात लांब जाऊन उभी राही आणि स्वतःच्याच हाताचा विटाळ भांड्यांवरून उडवून टाके. एकदा मी बघतेय हे पाहून ती अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “पैले मैं हाथ लगाती, बाद में मेरा हाथ मैंच धो डालती. अच्छीच नौकरी है.” मी हसले. ती हसली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

उन्हाळ्यातला एक रविवार. झाडताना यादम्माला घेरी आली. मी तिला ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. आत्या दारातून बघत होत्या. थोड्या वेळानं बरं वाटलं तशी ती उठली आणि राहिलेलं अंगण झाडायला लागली. ती गेटाबाहेर पडेपर्यंत थांबायचं एवढं तरी आत्यांना सुचायला हवं होतं. त्यांनी स्वतः यंत्र सुरू केलं, दुखऱ्या मनगटानं बंदूक धरली आणि खुर्ची धुवायला घेतली. “लांब उभी राहा, शिंतोडे उडतील,” त्या म्हणाल्या, पण तोवर यादम्माचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. यादम्मानं लुगड्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आत्यांना सांगितलं, की मी दुसरी बाई शोधणार नाही आणि भांडी घासणार नाही. बारा वर्षांत मी दाखवलेलं हे पहिलं धैर्य, तेही माझ्या सोयीचं. नवऱ्यानं वर्तमानपत्र वर केलं. आत्यांनी दोन दिवस स्वतः भांडी घासली. पाचव्या दिवशी मी कचेरीतून आले तर त्या परसात पाटावर बसलेल्या, भांडी केव्हाची घासून झालेली. त्यांना उठताच येत नव्हतं. किती वेळ बसल्या होत्या, ते सांगेनात. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि म्हटलं, “रोज मी साडेसहाला येते. तोवर तुम्हाला इथून कोण उठवणार, याचा विचार करा.”

त्यांनी भिंत धरून हात दोनदा धुतले. मग म्हणाल्या, “रिक्षा बोलाव.”

यादम्मा अफझलगंजच्या पलीकडे, मुसी नदीच्या अंगाला एका खोलीत राहायची. दाराशी बसून तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून तिनं घरातलं एकुलतं स्टूल बाहेर आणलं, फडकं ओलं केलं आणि स्टूल सावकाश पुसलं, चारी पायांसकट. मग आत्यांकडे बघून म्हणाली, “बैठो टीचरम्मा.” शेजारच्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. आत्या बसल्या. ‘कामाला ये’ म्हणायला आलो होतो, पण तो शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. म्हणून शेवटी यादम्माच बोलली. “आती मैं. वो मशीन मेरेकू दे दो.”

तिच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षांचा अड्डा होता आणि रिक्षावाले डबड्यानं पाणी मारून रिक्षा धूत. तिचा हिशेब कधीचाच झालेला असणार.

आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “बंदुकीला इतके महिने तुझाच हात लागलाय. मला आता तिचा काय उपयोग?”

बंदुकीला लागलेल्या हातानं काही बिघडत नाही, हा आठ महिन्यांचा सिद्धांत त्यांनी स्वतःच्या तोंडानं मोडला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. यादम्माला कळलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की निवडलेले तांदूळ सांडले. कुठे बघावं, ते मला समजेना.

यादम्मा सकाळी आमच्याकडे येऊ लागली आणि दुपारी अड्ड्यावर रिक्षा धुऊ लागली. आमची भांडी आता कट्ट्यावरून थेट स्वयंपाकघरात जात, कारण बादली उचलणारं कुणी नव्हतं. जंतूंनी काही केलं नाही. “उन्हात वाळतात ना,” आत्यांनी मला समजावलं. “ऊन जंतुनाशक असतं.” हे ऊन आधीची बारा वर्षं कुठे पडत होतं, ते मी विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी आत्या गेल्या, झोपेतच. दुपारी पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली आणि मागे आम्ही बायका उरलो. अशा वेळी घर धुवायचं असतं. नळाचा वार नव्हता, हौदात पाणी होतं. पण बादल्या कुणी उचलायच्या, यावर पुण्याच्या नणंदा आणि काचीगुड्याच्या वहिनी एकमेकींकडे बघत होत्या. इतक्यात फाटकाशी रिक्षा थांबली. यादम्मा उतरली. तिच्या मागून रिक्षावाल्यानं ते पिवळं यंत्र उतरवलं. रंग बराच उडाला होता.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. हौदाच्या नळाला नळी लावली, ओसरीवर आत्यांना जिथे ठेवलं होतं तिथपासून धुवायला घेतलं, भिंतीच्या कडेपर्यंत. वेताची खुर्ची कोपऱ्यात होती, तीही धुतली. पुण्याच्या नणंदेनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, की आज ही घरात, आणि तेही या कामाला, चालते का. यादम्माला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं चाप सोडला. वळून मात्र पाहिलं नाही. बारा आणि दोन वर्षांत ती आमच्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली. शुद्ध, ठासून, वर्गावर बोलावं तशा आवाजात.

“लांब उभ्या राहा. शिंतोडे उडतील.”

आम्ही सगळ्या लांब जाऊन उभ्या राहिलो.