वरचा माणूस

आमच्या ड्रेनेज खात्यात त्याला सगळे मुका म्हणत. मॅनहोलच्या तोंडाशी बसून खाली उतरलेल्याचा दोर धरायचं त्याचं काम. दोर हातात असेपर्यंत तो बोलत नसे. मोठे साहेब आले तरी मान वर नाही. "घरी या एकदा, मग कळेल मुका कोण," त्याची बायको म्हणायची.

दोर धरणं सोपं नाही. सैल सोडला तर खालच्याला आधार नाही, ताणला तर त्याचे हात चालत नाहीत. खालून एक झटका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. बघणाऱ्याला वाटतं, गडी बसून पगार खातो. संध्याकाळी त्याच्या बोटांना घास धरवत नसे.

खाली उतरायचा त्याचा मेव्हणा. त्याचं आणि युनियनचं जमत नव्हतं. "वर्गणी आम्ही भरायची आणि पुढाऱ्यांनी चहा ढोसायचा," म्हणत त्याने युनियन कधीच सोडली होती.

अशात खात्याने फर्मान काढलं. पगारवाढीची युनियनशी बोलणी बंद, ज्याने त्याने आपलं एकट्याचं ठरवावं. वरचा माणूस रद्द, त्या जागी दोर बांधायला लोखंडी तिपाई. जो खालचा हे कबूल म्हणून सही करेल त्याला बढती. पहिलं बोलावणं मेव्हण्याला आलं. त्याने सही केली की बाकीचे धडाधड करणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

"तू सांग ना त्याला," आम्ही मुक्याला म्हणालो.

"उतरायचं त्याला आहे. मी काय सांगू?"

बायको मात्र दोन दिवस नीट जेवली नव्हती. नवरा वर, भाऊ खाली. "तिपाईला खालचा गुदमरलेला कळतो का हो?" एवढंच ती मला म्हणाली.

मेव्हणा केबिनमधून लवकर बाहेर आला. आम्ही जिन्यातच उभे होतो.

"केलीस सही?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, तुझ्या एकट्याचं काय म्हणणं आहे ते सांग. मी म्हटलं, एकटा मी कधी उतरलोच नाही. वरच्याला विचारून सांगतो." मग मुक्याकडे वळून, "दाजी, आत बोलावलंय. आज तरी तोंड उघडा."

मुका आत गेला आणि "खालच्याला विचारून सांगतो," एवढं बोलून बाहेर आला. त्याच्यामागून जो जो गेला, त्याने हेच उत्तर दिलं. शेवटी साहेबांनी कंटाळून युनियनच्या सेक्रेटरीलाच बोलावलं. पगारवाढ मागितली त्याहून कमी मिळाली. पण वरचा माणूस राहिला, आणि तसं करारात लिहून आलं.

त्या संध्याकाळी मुक्याच्या घरी आम्ही सगळे जेवलो. बायकोने स्वतःलाही ताट वाढून घेतलं.

"आता वर्गणी भर," मुका मेव्हण्याला म्हणाला.

"दाजी, त्यापेक्षा तुम्ही मुकेच बरे होतात."

सकाळी मेव्हणा शिडीवर पाय ठेवून थांबला. मुक्याने दोर कमरेमागून घेतला, पाय रोवले आणि मान हलवली. मेव्हणा खाली उतरला.