तपासणीच्या दिवशीची एकादशी

सरकारी शाळेत मी उभी हयात घालवली, त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगू शकते. तपासणीचं पत्र आलं की शाळा शाळा राहत नाही, लग्नघर होते. आमची शाळा मैसूरच्या चामराजपुरममध्ये एका गल्लीच्या टोकाला होती. पाच खोल्या, कन्नड माध्यम, पहिली ते पाचवी, आणि दरवर्षी गळत चाललेला पट. आजूबाजूला इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅन फिरायला लागल्या होत्या आणि हेब्बाळच्या कारखान्यांत जाणारे बापसुद्धा पोटाला चिमटा काढून पोरांना त्यांत बसवत होते. आमची शाळा जवळच्या मोठ्या शाळेत विलीन करायची, अशी कुजबुज ऑफिसात सुरू झाली होती.

अशात तालुक्यातल्या उत्तम शाळेच्या बक्षिसासाठी आमचं नाव पुढे गेलं. बक्षीस मिळालं तर निदान काही वर्षं तरी शाळेला कुणी हात लावणार नाही, हे हेडमिस्ट्रेस मॅडमना ठाऊक होतं आणि मलाही. मग काय, आम्ही कंबर कसली. भिंती रंगवल्या, तक्ते टांगले, कुंड्या मांडल्या. वर्षभर लिहायच्या नोंदी आम्ही एका आठवड्यात लिहून काढल्या, आणि त्या जुन्या दिसाव्यात म्हणून दोन वेगवेगळ्या शाईची पेनं वापरली. हे सांगताना आज मला लाज वाटते, तेव्हा मात्र स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. त्यात सातआठ मुलं आमच्याच भाषेची. मागच्या गल्लीत विठ्ठलाचं देऊळ आहे, त्याच्या भोवती शिंपीकाम करणारी मराठी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांची ही मुलं. घरी मराठी, वर्गात कन्नड. मीही मराठी घरातलीच. पण आम्ही नोकरदार माणसं, मराठी बोलायचो ती इंग्रजी आणि कन्नडच्या फोडणीची. वर्गात मी कन्नडच बोलायचे. मराठी ठेवली होती ती फक्त कुणाला रागवायला किंवा कुणाची समजूत काढायला.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात ही मुलं मला रोज विचारून भंडावत होती, "मिस, प्राइज आपल्यालाच ना?" एक मुलगी तर फारच मागे लागली होती. दोन घट्ट वेण्या, बापानं उरलेल्या कापडातून शिवलेलं दप्तर, आणि बोललेला शब्द खाली पडू न देणारी. एका दुपारी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात असताना तिनं पुन्हा विचारलं आणि मी वैतागून म्हटलं, "मला काय विचारतेस पुट्टी? तुमच्या विठोबाला विचार. त्यालाच सांग, शाळेला बक्षीस दे म्हणून." पुट्टी म्हणजे छोटी, कन्नडमध्ये मुलींना लाडानं म्हणतात.

"आयतु मिस," ती म्हणाली. ठीक आहे, म्हणून निघून गेली. मी पुन्हा वह्यांत डोकं घातलं आणि ते विसरूनही गेले.

तपासणीला तिघे अधिकारी आले. सकाळचं सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. मुलांनी धडे वाचले, पाढे म्हटले, नकाशात कावेरी दाखवली. मोठ्या अधिकाऱ्यांनी नोंदी चाळल्या आणि मान डोलावली. दुपारी ऊट, म्हणजे शाळेतलं गरम जेवण. नियमाप्रमाणे मुलांच्या आधी शिक्षकानं ते चाखायचं आणि वहीत तसं लिहायचं. मी चाखलं, 'उत्तम' असं लिहिलं आणि सही ठोकली. भात आणि सांबार खरोखरच उत्तम होतं. स्वयंपाक करणारी बाई पहाटेपासून राबत होती. तिचं घर या नोकरीवरच चालत होतं, आणि शाळा बंद पडली तर पहिली ती घरी बसणार होती.

अधिकारी मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसले. सगळी पोरं जेवायला लागली, फक्त माझ्या वर्गातल्या नऊ जणांनी ताटाला हात लावला नाही. हात मांडीवर, नजर ताटावर. त्यातली दोन तर कन्नड घरची होती, पण मैत्रिणी जे करतील ते करायचं एवढंच त्यांना कळत होतं. मोठे अधिकारी थांबले. "का जेवत नाहीत ही? चव नाही का?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं आणि समोरच्या ताटातला भात बोटानं चाचपून पाहिला. स्वयंपाकीण बाईनं वाढणं थांबवलं. हेडमिस्ट्रेस मॅडमनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही.

मी त्या वेण्यावालीजवळ वाकले आणि हळूच मराठीत विचारलं, "का गं, काय झालं?"

"आज एकादशी ना मिस," ती कुजबुजली. "मी विठोबाला सांगितलं, आम्ही एकादशी करतो, तू प्राइज दे. तुम्हीच सांगितलं नव्हतं? मग ऊट कसं करायचं?"

या घरांतली मोठी माणसं पंधरवड्याची प्रत्येक एकादशी धरतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मुलांना कुणी उपास करू देत नाही, म्हणून कॅलेंडर बघावं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. या नऊ जणांनी घरीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. सकाळचं दूध पिऊन गुपचूप बसली होती, शाळेसाठी.

तेव्हा मी खरं सांगू शकले असते. 'सर, शाळेला बक्षीस मिळावं म्हणून पोरांनी उपास धरलाय,' एवढं एक वाक्य. कदाचित ते हसले असते. पण कदाचित त्यांनी लिहिलं असतं की इथल्या शिक्षिका मुलांना नवस करायला सांगतात. त्या एका शेऱ्यानं सगळ्यावर पाणी फिरलं असतं. मी घाबरले. त्यांना म्हणाले, "सर, तुम्ही शेजारी बसलात म्हणून लाजतायत." आणि मुलांना मराठीत, ओठ फारसे न हलवता म्हणाले, "मुकाट्यानं खा. सगळ्यांनी. आत्ता."

आठ जणांनी लगेच हात घातला. उपाशी पोटी सांबाराचा वास घेत बसणं सोपं नव्हतं, बिचारी सुटल्यासारखी जेवली. तिनं मात्र आधी माझ्याकडे पाहिलं. "बेडा मिस," म्हणाली. नको, एवढंच. मी डोळे मोठे केले. मग तिनं खाल्लं. शेवटच्या शितापर्यंत खाल्लं, एकदाही मान वर न करता. अधिकाऱ्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्यांदा भात वाढायला सांगितला. तोही तिनं खाल्ला.

महिन्याभरानं पत्र आलं. बक्षीस आम्हालाच. हेडमिस्ट्रेस मॅडम पत्र हातात घेऊन माझ्या वर्गात आल्या आणि मुलांसमोर रडल्या. शेऱ्यांत माध्यान्ह जेवणाचा खास उल्लेख होता: मुलं आवडीनं जेवतात. स्वयंपाकीण बाईला ते मी दोनदा वाचून दाखवलं. विलीन करायचा विषय बंद झाला. मी खूश होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी सगळ्यांना मैसूर पाक वाटला. वाटत वाटत मी तिच्यापाशी आले तर तिनं हात पाठीमागे घेतले.

"का गं, घे की. तुझ्या विठोबानंच दिलंय," मी चेष्टेत म्हटलं.

"हो मिस. त्यानं दिलं," ती म्हणाली. "मीच दिलं नाही."

मला वाटलं होतं, एव्हाना ती विसरली असेल. आठ वर्षांची पोर ती. पण हा महिनाभर ती मागच्या गल्लीनं घरी जात नव्हती, देवळासमोरून जावं लागतं म्हणून लांबचा रस्ता धरत होती. हे मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी तिला बाजूला व्हरांड्यात नेलं. देव समजून घेतो, लहान मुलांचं तो मनावर घेत नाही, असं जे जे मोठी माणसं बोलतात ते सगळं बोलून पाहिलं. ती ऐकत होती, पण पटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. शाळा वाचली याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण शब्द पाळणारं ते एक मूल माझ्या वर्गात होतं आणि मीच तिला तो मोडायला लावला होता, तोसुद्धा शाळेसाठी नव्हे, माझ्या भीतीपायी.

शेवटी मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "पुट्टी, एकादशी तू नाही मोडलीस," मी म्हटलं. "मी मोडायला लावली. माझी चूक आहे ती."

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोलतेय की तिला गप्प करायला बोलतेय, हे ती तपासत होती. शाळेत आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्यानं मला इतकं निरखून पाहिलेलं नाही.

"मग तुम्ही सांगा त्याला," ती म्हणाली. "मी बाहेर थांबते."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी गेलो. ती देवळाच्या पायरीपाशी थांबली आणि मी आत गेले. तिला बाहेर ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं सांगितलं, मराठीत, काहीही न वगळता.