मोज्यांचा प्रश्न

"पाय दाखव."

दार उघडल्यावर काकांचं पहिलं वाक्य हे. नमस्कार-चमत्कार नंतर. मी दारातच बूट काढायचो आणि ते वाकून माझा मोजा चिमटीत धरून बघायचे. ओला असला की आत ओरडायचे, "याला कोरडी जोडी दे. मग बोलू दे काय बोलायचंय ते."

आत म्हणजे ताई, त्यांची मुलगी. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या लॅबमध्ये ती माझी सीनियर. काका सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, बूट, मोजे, कांबळी. सगळं जग आपल्या खात्याच्या खिडकीतून बघणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. काकांच्या खिडकीतून मोजे दिसायचे.

२००४च्या निवडणुकीत त्यांचा भाव एकदम वाढला. आम्ही सगळे व्हिसावाले, मत कुणालाच नाही. ताई नागरिक, पण तिचं ठरलेलं होतं. काका मात्र नुकतेच नागरिक झालेले आणि काठावर. त्यामुळे शनिवारी जेवायला जमलं की सगळे त्यांच्याच मागे.

पुण्याचा समीर सर्वांत चिकट. "काका, पुढची लढाई उपग्रहावरून होणार. मत देताना तो विचार करा."

"होऊ दे की. उपग्रहाला पाय आहेत का?"

टीव्हीवर वादविवाद झाला. दोन्ही उमेदवार देशाची सुरक्षा आणि सैन्याच्या आधुनिकीकरणावर तावातावाने भांडले. काका सोफ्याच्या टोकावर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एकानेही मोज्याचं नाव काढलं नाही. मत कसं देऊ यांना?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. अमेरिकेतलं पहिलं मत, ते मोज्यांचं उत्तर मिळाल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये एका उमेदवाराच्या वतीने एक निवृत्त कर्नल बोलणार होते. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. काकांनी मला लिहायला बसवलं. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. इंग्रजी घाम गाळून कमावलंय, ते दाखवायची संधी सोडत नाही. झकास लिहिलं: पायदळाच्या वैयक्तिक साधनसामग्रीच्या आधुनिकीकरणाबाबत आपलं धोरण काय?

कर्नलसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि पाच मिनिटं बोलले. अंधारात दिसणारे चष्मे, हलकी चिलखतं, हातातले कॉम्प्युटर. टाळ्या पडल्या. काका माझ्याकडे वळले.

"मोजे कुठे गेले?"

"काका, ते त्यातच येतात."

"त्यातच येतात म्हणून तर पोचत नाहीत."

आणि ते उठले. छाती पुढे, हात पँटच्या शिवणीला. "सर. सॉक्स. वन सोल्जर, हाऊ मेनी पेअर?"

हॉल हसला. मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येईल तेवढा सरकलो. कर्नल मात्र हसले नाहीत. माइक बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "सप्लाय?"

"येस सर. ट्वेंटी टू इयर्स."

"नेव्हर इनफ," कर्नल म्हणाले. "नेव्हर."

काकांनी कडक सॅल्यूट ठोकला आणि बसले. परतताना गाडीत एकच वाक्य बोलले, "पुढच्या वेळी माझा प्रश्न मीच लिहीन."

त्यांनी मत दिलं. कुणाला, हे समीरने महिनाभर विचारलं. उत्तर एकच, "गोपनीय."

पुढची वेळ काही आली नाही. २००८च्या निवडणुकीआधीच्या हिवाळ्यात काका गेले. मतदानाला ताईला मी काकांच्याच गाडीने सोडलं. माझं व्हिसाचं रडगाणं चालूच होतं, म्हणून पार्किंगमध्ये थांबलो. सकाळच्या पावसात बूट भिजलेले. रेडिओवर कुणीतरी क्षेपणास्त्रांबद्दल बोलत होतं. टिश्यू शोधायला डॅशबोर्डचा खण उघडला, तर कागदांच्या मागे लोकरी मोज्यांची एक जोडी, स्टोअरमध्ये ठेवतात तशी घट्ट गुंडाळलेली. वर रबर बँड आणि चिठ्ठी. त्यांच्या अक्षरात दोनच शब्द: आधी मोजे.

रेडिओ बंद केला आणि बूट काढले. लोकर भयंकर टोचत होती. पण मोजे कोरडे होते.