उंबऱ्याबाहेरचं पान

अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये श्रीनिवास कातळवे यांना फोनवर आडनाव विचारण्याची चूक कुणी दुसऱ्यांदा करत नाही. दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायची असली तरी ते पलीकडच्या मुलीला आडनाव एकेक अक्षर करून सांगतात. वर हेही ऐकवतात, की हे आडनाव जगात फार थोड्यांचं आहे, ते कोकणातल्या कातळी गावावरून आलं आणि त्या गावातल्या एकाच मूळपुरुषाचा हा सगळा वंश आहे. डच माणसं सभ्य. 'ल्यूक, ल्यूक' म्हणतात, म्हणजे छान छान, आणि मंगळवारची वेळ देऊन मोकळी होतात.

हा माणूस कधी स्वस्थ बसलेला कुणी पाहिलेला नाही. बँकेच्या संगणकांवर काम करायला म्हणून तिशीत इथे आला, आता साठीला टेकला, पण बूड काही टेकलं नाही. बोलताना येरझारा, जेवताना पाय हलवणं, सुट्टीच्या दिवशी सायकल काढून उगाचच हार्लेमपर्यंत जाऊन येणं. आणि या सगळ्या अस्वस्थपणाला एकच धंदा, जगभरातले कातळवे शोधणं. दिवाणखान्याच्या भिंतीवर नकाशा आणि त्यावर लाल टाचण्या. पुणे, डोंबिवली, नाशिक, बडोदा, इंदूर, टोरांटोत एक. कुठे नवा कातळवे सापडला, की श्रीनिवासराव त्याला फोन लावत आणि त्याचा इतिहास त्यालाच तासभर सांगत. समोरच्याला काही सांगायचं असेल, ही शंका त्यांना कधी शिवली नाही. सगळ्यांना एकत्र आणणारा 'विश्व कातळवे परिवार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यांचाच.

त्यांची बायको मालिनी इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर. काही वर्षं खिडकीतून ट्राम बघण्यात गेली, मग तिने डच शिकून पाळणाघरात नोकरी धरली. ती म्हणायची, "केर काढताना पायात टाचणी रुतली, की समजते मी, तुमचं कुळ वाढलं."

या देशात कुठलं आडनाव किती जणांचं आहे, ते सांगणारं एक संकेतस्थळ आहे. कातळवे टाकलं की आकडा येत नाही, नुसतं 'पाचांहून कमी' येतं. श्रीनिवासरावांना ती पदवीच वाटे. मालिनी, ते आणि मुलगी भार्गवी, असे तिघं. म्हणून ग्रोनिंगनच्या विद्यापीठात यतीन कातळवे नावाचा मुलगा नाशिकहून शिकायला आलाय, हे कळल्यावर त्यांना कोण आनंद झाला! भार्गवीही तिथेच शिकत होती. दिवाळीचा डबा तिच्या हाती देऊन त्यांनीच तिला त्याच्याकडे पिटाळलं. म्हणाले, "आपलाच मुलगा आहे. भाऊच समज."

तिने काही भाऊ समजला नाही. दोन वर्षांनी उन्हाळ्यात घरी आली आणि चहा पिता पिता सांगून मोकळी झाली, "बाबा, मी आणि यतीन लग्न करतोय."

श्रीनिवासराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "अगं, एक कूळ आहे आपलं! एका कुळात सोयरीक होत नाही. भाऊ आहे तो तुझा!"

"दॅट्स युअर थिअरी, बाबा. मी त्याला बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं."

"थिअरी? अगं, आयुष्य घातलंय मी त्यात!"

"आय नो," भार्गवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज आईसारखा ठाम होता. "तुम्ही नाही आलात तर आम्ही गेमेंटेच्या कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करू. पण मला तुम्ही हवे आहात. तुम्ही तोंड पाडून कोपऱ्यात बसणार असाल, तर येऊ नका. मी परत नाही विचारणार."

मालिनीने कप उचलले. "मुलीला तुम्हीच डबा देऊन पाठवलंत," एवढंच म्हणाली.

त्यानंतर या माणसाची जी घालमेल सुरू झाली ती विचारू नका. मुलगी हातची जाणार, ही भीती एकीकडे. दुसरीकडे, होकार द्यायचा तर ज्या एका गोष्टीवर आपण जन्मभर उभे राहिलो तीच खोटी म्हणायची. जी भिंत इतकी वर्षं लिंपत आलो, तिला कुठे भोक आहे का, ते आता स्वतःच चाचपायची पाळी आली होती. सायकल एका हाताने धरून, फोन कानाला लावून ते कालव्याकाठी फिरत. इंदूरला विचारत, टोरांटोला विचारत, "तुमच्याकडे कुणी म्हणायचं का हो, की आपली घराणी वेगळी?" सगळीकडून एकच उत्तर, "छे छे, आपण सगळे एकच! तुम्हीच नाही का सांगितलंत?" असं कुणी म्हटलं, की त्यांना फोन कालव्यात फेकावासा वाटे. झोप उडाली, भूक गेली, आणि मुलीचा फोन आला की ते उगाच हवेविषयी बोलत.

नवरात्रात यतीनची आई, सुनेत्राबाई, मुलाला भेटायला आल्या. यतीनचे वडील जाऊन काही वर्षं झाली होती. अष्टमीला मालिनीने भार्गवीबरोबर यतीनला आणि त्यांना जेवायला बोलावलं. श्रीनिवासरावांना नाही म्हणता येईना. घरी आलेली कातळव्यांची सून, तिला कसं नाही म्हणणार?

त्या आल्या, देवीला हळद-कुंकू वाहिलं. मालिनीने इंडियन दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर पुरणपोळी, वरणभात, कटाची आमटी, भजी असं सगळं वाढलं. आणि कुळाचाराची वेळ आली तसे श्रीनिवासराव इतक्या महिन्यांची काळजी विसरून फुलले. पान दोन्ही हातांत घेऊन त्यांनी कोपराने पुढचं दार उघडलं आणि ते बाहेर, पायरीवर नेऊन ठेवलं. शेजारच्या हेन्नीबाईंचं मांजर तिथे दरवर्षीप्रमाणे हजर होतं.

"आमच्यात पहिलं पान उंबऱ्याबाहेर," आत येत ते म्हणाले. "देवीच्याही आधी. असं दुसऱ्या कुठल्या कुळात नाही. आमच्या आजोबांचा, धोंडोपंतांचा तो मान. डोंबिवलीला अष्टमीच्या दिवशी दाराबाहेर बसून ते पान ते स्वतः जेवायचे. मग बाकीच्यांनी बसायचं. तुमच्याकडेही असेलच."

सुनेत्राबाईंनी उघड्या दारातून त्या पानाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आत तोंड करून बसायचे?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"आणि जेवण झालं की पान स्वतःच उचलायचे? जागाही स्वतःच पुसायचे?"

"हो तर! घरातल्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. व्रतच होतं त्यांचं." हे सांगताना मात्र त्यांचा आवाज थोडा खाली आला.

सुनेत्राबाईंनी पदराशी चाळा केला. मुलाकडे पाहिलं. "राहू दे, भाऊजी. जेवू या."

"नाही, सांगा. काय आहे?"

"आमच्याकडे देवीचं पान देवीपुढेच असतं," त्या म्हणाल्या. "पण पूर्वी कातळीच्या घरी गडी होता. अष्टमीला त्याचं पान उंबऱ्याबाहेर वाढत. त्याने आत यायचं नाही, आत तोंड करून बसायचं, आणि पान नि जागा त्यानेच आवरायची. सासूबाईंकडून ऐकलंय मी. पुढे तो मुंबईला गिरणीत लागला. तिथे आडनाव विचारलं, तर त्याला आडनावच नव्हतं. त्याने मालकांचं सांगितलं. आमच्या माणसांना ते कळलं तेव्हा त्यांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं म्हणे. पुन्हा गावात आला नाही तो." जरा थांबून म्हणाल्या, "धोंडू म्हणत त्याला."

"धोंडोपंत," श्रीनिवासराव पुटपुटले. त्यातलं 'पंत' त्यांनी स्वतःच जोडलेलं होतं, हे त्यांना त्या क्षणी आठवलं.

भार्गवीने यतीनचा हात धरला. "म्हणजे आम्ही रिलेटेड नाही? बाबा! वी आर ओके!" आणि तिने वडिलांकडे पाहिलं, तशी तिच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. श्रीनिवासरावांना मुलीच्या त्या आनंदाचा राग आला. पायाखालची जमीन सरकली होती, आणि पोरीला तिथे मांडव दिसत होता.

मग आपण कोण? कातळवे नाही, तर कोण? मालिनीच्या माहेरच्यांना काय सांगायचं? त्या टोरांटोवाल्याला? ते खिडकीपाशी गेले, नकाशापाशी आले, पुन्हा खिडकीपाशी गेले.

सुनेत्राबाई मनाने चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लाज वाटायची ती आम्हाला वाटायला हवी, भाऊजी. हे बाहेर सांगायची काही गरज नाही. आपण म्हणू, की आमच्याकडचे पणजोबा दत्तक आलेले. मग कूळ वेगळं झालं. मुलांचं लग्न होईल, आणि आडनावाचा मान तुमचा तुम्हालाच राहील."

किती सोपं होतं! मुलगी राहत होती, मान राहत होता, नकाशा भिंतीवरून हलवावा लागत नव्हता. श्रीनिवासरावांनी मनातल्या मनात होसुद्धा म्हटलं. तोंडाने म्हणणार तेवढ्यात उघड्या दारातून त्यांना दिसलं, की मांजर पानाजवळ सरकतंय.

आणि त्यांना डोंबिवलीच्या दाराबाहेरचा जिना आठवला. लहानपणी एकदा ते हट्टाने बाहेर जाऊन आजोबांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या आजोबांनी त्यांना दंडाला धरून आत ढकललं होतं. "तू आत बस. तू आतच बसायचं." तेव्हा ते रडले होते. म्हाताऱ्याला आपला मान वाटून घ्यायचा नाही, असं त्यांना वाटलं होतं, आणि हाच समज उराशी घेऊन त्यांनी साठी गाठली होती.

"हुश्श!" म्हणत ते बाहेर गेले. मांजर पळालं. श्रीनिवासरावांनी पायरीखालच्या फरशीवर मांडी घातली, घराकडे तोंड केलं आणि पान पुढ्यात ओढलं. ऑक्टोबरची हवा बोचरी होती. भात केव्हाच गार झाला होता. रस्त्यावरून सायकलने जाणारी एक बाई या पायरीवर जेवणाऱ्या माणसाला 'एत स्माकलक' म्हणून गेली, म्हणजे सावकाश जेवा. ते जेवले. भज्याचा तुकडासुद्धा टाकला नाही.

भार्गवी दारात आली. "बाबा, थंडी आहे. आत या ना."

"येतो. पान संपू दे."

तिने ओळखलं की आता बोलायचं नाही. ती उंबऱ्याच्या आत, दाराला टेकून खाली बसली. वडील जेवत असताना त्यांच्याकडे एवढं निरखून तिने आधी कधी पाहिलं नव्हतं. श्रीनिवासराव रडत होते, आणि रडताना त्यांचे पाय मात्र हलत नव्हते.

जेवण झाल्यावर मालिनी ओलं फडकं घेऊन आली. ते तिच्या हातून घेऊन त्यांनी स्वतः जागा पुसली, पान गुंडाळून उचललं आणि आत आले.

"दत्तकबित्तक काही सांगायचं नाही," ते सुनेत्राबाईंना म्हणाले. "धोंडू गड्याच्या नातवाच्या मुलीशी तुमच्या मुलाचं लग्न होतंय. चालेल तुम्हाला?"

सुनेत्राबाईंनी हात जोडले. "चालेल काय, भाऊजी. पण आमच्या वतीने आधी मला तुमची माफी मागायला हवी."

"ती मी कसा देऊ? ज्याने द्यायची तो गेला." त्यांनी खुर्ची पुढे केली. "बसा. तुम्ही आता सोयरे आहात."

यतीनने धीर करून हसत विचारलं, "काका, मालिनी काकूंचं काय म्हणणं?"

"मी काही आडनावाशी लग्न केलं नव्हतं," मालिनी म्हणाली. "पोळ्या गार होतायत."

पोळी खाऊन होते न होते तोच श्रीनिवासरावांनी फोन काढला. विश्व कातळवे परिवारावर त्यांनी आवाजी संदेश टाकला. नेहमीचा घोळ न घालता सांगितलं, की माझं म्हणणं चुकीचं होतं. सगळे कातळवे एक नाहीत. माझे आजोबा त्या घरचे गडी होते, त्यांनी मालकांचं आडनाव लावलं आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या. ज्यांना माझ्याशी नातं ठेवायचं नसेल त्यांनी खुशाल सोडून जावं.

आणि लोक जाऊ लागले. इंदूर गेलं. टोरांटो एक अक्षर न लिहिता गेलं. डोंबिवलीचा चुलतभाऊ 'वेड लागलंय का तुला?' विचारून गेला. ग्रुप सोडल्याच्या प्रत्येक सूचनेसरशी श्रीनिवासराव नकाशापाशी जात आणि एकेक टाचणी काढत. मूठ भरत आली. भार्गवी म्हणाली, "बाबा, पुरे. बघू नका आता." पण त्यांना बघवत नव्हतं आणि राहवतही नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बडोद्याचे चंद्रहास कातळवे. वयाने मोठे, ग्रुपवर सकाळी देवाचा फोटो टाकण्यापलीकडे कधी काही न बोलणारे. श्रीनिवासरावांनी बोलणी खाण्याच्या तयारीने फोन उचलला.

पलीकडून चंद्रहास म्हणाले, "श्रीनिवास, आमच्याकडेही पान बाहेरच वाढतात रे. आजच वाढलं. माझे वडील तिथेच बसून जेवायचे. विचारलं तर मारायला उठायचे. म्हणून पुढे मी कुणाला विचारलंच नाही."

श्रीनिवासरावांच्या मुठीतल्या टाचण्या तळहाताला टोचत होत्या. इतकी वर्षं या माणसाला फोन करून ते फक्त आपलंच सांगत आले होते.

"वडील गेल्यापासून आम्ही ते पान गाईला घालतो," चंद्रहास म्हणाले. "तुमच्याकडे कोण खातं?"

"मी," श्रीनिवास म्हणाला. "आत्ताच जेवलो."