धनाजीरावांच्या टेम्पोचा सेल्फ

पाणीगेटजवळ योगिनी घोरपडेचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. नवरा गेल्यावर तिने ते बंद केलं नाही; काम ती त्याच्याच हाताखाली शिकली होती. घरात मराठी, दुकानात गुजराती, आणि शिव्या दोन्हींतल्या. गिऱ्हाइकं तिला योगिनीबेन म्हणतात.

मे महिन्यातल्या एका दुपारी धनाजीराव जुना टेम्पो चार माणसांकडून ढकलवत घेऊन आले. खंडेराव मार्केटात त्यांचा भाजीचा गाळा.

"चावी फिरवली की नुसतं टक् वाजतं, बेन. कालपर्यंत सेल्फवर हातोडी ठोकली की उठायचा. आज ढिम्म."

"कार्बन संपले असणार," योगिनी म्हणाली.

तिने सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, उतरवून खोलला. मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजून नखाएवढे उरले होते. तिने आतला काळा थर पॉलिश पेपरने घासून काढला, नवे कार्बन बसवले, स्प्रिंगा दाबून चढवल्या, आणि सेल्फ परत लावायला टेम्पोखाली शिरली. धनाजीराव स्टुलावर चहा पीत बसले.

तेवढ्यात मोटरसायकलवरून त्यांचा पुतण्या पीयूष आला, सोबत दोन माणसं. हा टेम्पो पूर्वी तोच चालवायचा. मार्केटातल्या एका हमालाचा त्याने पाइपने जबडा फोडला, तेव्हा काकांनी त्याला हाकलून दिलं आणि स्वतः पोलिसांत तक्रार केली.

"काका, तक्रार मागे घ्या."

"नाही घेणार. तो माणूस अजून नळीने जेवतो."

टेम्पोखालून योगिनीला फक्त पाय दिसत होते. कप फुटला. पाइपचा एक फटका ऐकू आला, मग दुसरा. आणि धनाजीराव जमिनीवर कोसळले. त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं.

ती पाना घेऊन बाहेर सरपटली आणि जवळच्या माणसाच्या गुडघ्यावर तो सगळा जोर लावून हाणला. माणूस किंचाळत खाली बसला. पीयूषचा पाइप तिच्या डाव्या हातावर पडला. हाड मोडल्याचं तिला आधी ऐकू आलं, मग कळलं. शेजारच्या दुकानांची शटरं धडाधड खाली आली.

धनाजीराव रांगत दुकानाच्या पायरीला टेकले. योगिनी टेम्पोत चढली. सेल्फच्या वायरी जोडून झाल्या होत्या, एक बोल्ट तेवढा राहिला होता. तिने चावी फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. पीयूषने समोर येऊन काच फोडली. काचा तोंडावर आल्या तशी तिने गाडी पुढे सोडली.

टेम्पोने पीयूषला समोरच्या बंद शटरवर दाबलं. त्याचे पाय बंपरमागे अडकले. तो ओरडत होता. आता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायला हवा, हे योगिनीला कळत होतं. तिने उचलला नाही. उलट आणखी दाबला.

"योगिनी, बस!" धनाजीराव ओरडले. "पोरगा मरेल!"

तेव्हा कुठे तिने गाडी मागे घेतली. पीयूषचे साथीदार पळाले होते, एक दुसऱ्याच्या खांद्याला धरून लंगडत. शटरं एकेक वर झाली, आणि शेजाऱ्यांनी तिघांनाही त्याच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं.

धनाजीरावांचा डोळा गेला. पीयूषचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. योगिनीवरही गुन्हा दाखल झाला. जामिनाच्या वेळी वकील म्हणाले, "ब्रेक लागला नाही असं सांगा, बेन. जुनी गाडी आहे, चालून जाईल."

"ब्रेक चांगला होता," ती म्हणाली. "मीच त्याला गाडीने दाबून धरलं होतं." जबाबातही तिने तेच लिहायला लावलं.

आता तिच्या मोडलेल्या हातात स्टीलची प्लेट बसवली आहे आणि केस चालू आहे. पाणीगेटचे लोक तिची मर्दानी म्हणून तारीफ करतात. तसं कुणी म्हटलं की ती दिवसभर कुणाशी नीट बोलत नाही. झोपेत तिला पीयूषचं ओरडणं ऐकू येतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या क्षणी झालेला आनंद आठवतो.

दिवाळीनंतर पीयूषची आई, रखमाबाई, दुकानात आली. तिने योगिनीच्या फाडकन मुस्काटात मारली. योगिनीने हात उचलला नाही. मग बाई पायरीवर बसून रडायला लागली. योगिनीने पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला. रखमाबाईने तो घेतला नाही. पण उठून गेलीही नाही.