शांताचं समोरचं दार

गजाननचा फोन आला तेव्हा मी त्याच्या आईवर चिडलेलीच होते. सकाळपासून फोन लावत होते आणि बाई उचलत नव्हती. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ... अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत मला त्या प्रश्नाचाच राग येत राहिला.

गजाननची आई शांता माझी शाळेतली मैत्रीण. तिचे वडील अमरावतीच्या एका बंगल्यावर माळी होते. कापडाच्या दुकानांमागच्या बोळात शिरून पिठाच्या गिरणीपाशी वळलं की एक गंजलेलं फाटक लागतं. आत बाग आहे, हे अमरावतीत जन्म काढलेल्यांनाही ठाऊक नसतं. मालक केव्हाच निघून गेले, बाग सरकारजमा झाली आणि मधोमध बंगला तसाच राहिला. समोरच्या सागवानी दाराला हे एवढं कुलूप. मागचं दार मात्र मोडून पडलेलं, कोणीही आत जावं.

शांता जात नव्हती. "मांगच्या दारानं माह्या बापानं जलमभर भाजी देल्ली," ती म्हणायची. "समोरून त्याले कोनी 'या' म्हणलं नाई. मी जाईन तं समोरूनच जाईन."

मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. दार ही निव्वळ सोय असते, पुढचं काय नि मागचं काय, असं मी इस्त्रीची साडी नेसून तिला समजावलं. एवढ्यावर न थांबता उदाहरण घालून द्यायला मागून आत शिरले. अंधाऱ्या दिवाणखान्यात एक वटवाघूळ अंगावर आलं आणि मी माझ्या विचारांसकट बाहेर पळाले. पदर खिळ्याला अडकून फाटला, एक चप्पल आतच राहिली. शांता समोरच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "झालं का वं शिकवून?" एवढंच म्हणाली.

लग्नानंतर मी अकोल्याला आले. ती नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर नवऱ्याच्या वावरात झेंडू-शेवंती पिकवू लागली. मी अमरावतीला गेले की आम्ही दोघी बागेत जायचोच. चौकीदार बदलले, उत्तर बदललं नाही. "चावी साहेबासंगं अकोल्याले गेली." बागेवरच्या सरकारी साहेबांची बदली झाली होती म्हणे. झालं, शांताचे फोन सुरू. "तुह्याच गावात हाय चावी, नि तुले भेटून नाई राहिली? काहून?" मी साहेबांच्या अकोल्यातल्या कचेरीत जाऊनही आले. साहेब तिथूनही पुढे बदलून गेले होते आणि कुठली चावी, हे कोणालाच माहीत नव्हतं. पुढे आमच्यात चष्मा हरवला तरी तो अकोल्यालाच जायचा.

हसायचो खरं, पण मला तिचा वैताग यायचा. तिचे गुडघे गेले, चार पावलांत दम लागू लागला. मी म्हणायची, "शांते, मागून ये, एकदा बघून घे आणि संपव." तर म्हणे, "तू जाय. तुही चप्पल असंन तिथं."

दिवाळीनंतर शेवटचं गेलो तेव्हा तिनं कुलूप दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. "पाहू पुढच्या टाइमाले," म्हणाली. ऑटोत मी घरापर्यंत बडबडत होते. ती बाहेर बघत होती...

तेरवी आटोपून काही दिवसांनी मी एकटीच बागेत गेले. समोरून आत ऊन पडलेलं दिसलं. दार उघडं नव्हतं, दारच नव्हतं. सागवान म्हणून चोरांनी चौकटीसकट उचलून नेलं होतं. "मांगच्याच हप्त्यात, आजी," चौकीदार सांगत होता. "कुलूप लागूनच होतं. चावी तं..."

"माहीत आहे," मी म्हणाले.

मला चोरांचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त शांताचा. थोडी कळ काढायला काय झालं होतं बाईला? जन्मभर त्या दारासाठी अडून बसली आणि नेमकी आधी निघून गेली. मी पायऱ्या चढले, पण पुढे पाऊल टाकवेना. तिच्याआधी मी कशी जाणार?

तेवढ्यात बोळातली कोणाची तरी शेळी माझ्या साडीला घासून पायऱ्या चढली आणि खुशाल समोरून आत गेली. चौकीदार बघत होता. त्यानं तिला अडवलं नाही.

मग मात्र मी आत शिरले. हातातली काठी उगारून तिला दिवाणखानाभर पळवलं आणि बाहेर काढलं... मागच्या दारानं.